काइन गप्प राहिला

विश्वासणाऱ्यांच्या घरात राग फारसा ओरडत नाही, तो अबोला धरतो. ताट समोर येतं, पण वाढणारी बोलत नाही. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेला सगळे सतरंजीवर बसतात, प्रभूची प्रार्थना एका सुरात म्हणतात. क्षमेच्या ओळीपाशी कुणाचाही आवाज अडखळत नाही. आमेन होतं, आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांकडे न बघता आपापल्या खोलीत निघून जातात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतं, किती शांत घर! आपणही याला ख्रिस्ती सहनशीलता म्हणतो. मला ती काइनाची शांतता वाटते.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलाचं अर्पण मान्य होतं, काइनाचं होत नाही. काइन संतापतो, त्याचं तोंड उतरतं. खून अजून व्हायचा आहे. त्याआधी परमेश्वर स्वतः त्याच्यापाशी येतो. तू का रागावलास, असं विचारतो. पाप दाराशी दबा धरून बसलं आहे, त्याच्यावर ताबा मिळव, असं बजावतो. यावर काइन काय म्हणतो? काहीच नाही. अर्पण नाकारल्याचं दुःख, भावाचा हेवा, यातलं एक अक्षर तो देवाला सांगत नाही. त्यानंतर तो बोलतो ते भावाशी, आणि दोघं शेतात असताना त्याच्यावर हात उचलतो.

योनाची गोष्ट मात्र वेगळी. निनवे हे अश्शूरचं शहर, म्हणजे इस्राएलाच्या वैऱ्यांचं. ४० दिवसांत ते उलथून पडेल, असं त्याने तिथे जाऊन सांगितलं. लोकांनी पश्चात्ताप केला आणि देवाने त्यांना वाचवलं. योनाच्या अंगाचा तिळपापड झाला. तू असाच दयाळू, म्हणून तर मी आधी पळून गेलो होतो. आता जगण्यापेक्षा मरण बरं, असं तो देवाला तोंडावर सुनावतो. शास्त्र या सुनावण्याला प्रार्थना म्हणतं. त्या शब्दापाशी मी दर वेळी थांबतो.

देव त्याला झापत नाही. तुझं हे रागावणं बरोबर आहे का, एवढंच विचारतो. योना उत्तर न देता शहराच्या पूर्वेला जाऊन मांडव घालून बसतो, फुरंगटून. आणि अशा फुरंगटलेल्या माणसाच्या डोक्यावर सावली यावी म्हणून देव एक वेल वाढवतो! दुसऱ्या पहाटे कीड लागून वेल वाळतो, उन्हाची झळ बसते आणि योना पुन्हा भडकतो. प्रश्न पुन्हा तोच येतो, या वेळी वेलाबद्दल. आता योना उत्तर देतो: हो, मरेपर्यंत रागावणं मला योग्यच आहे. मग कुठे खरी गोष्ट निघते. एका रात्रीत आलेल्या वेलाची तुला कीव येते, तर उजवाडावा हात न कळणाऱ्या १,२०,००० हून अधिक माणसांची आणि तिथल्या गुराढोरांची मला येऊ नये का? योनाने आधी मन मोकळं केलं, म्हणून हे बोलणं इथवर आलं.

स्तोत्रसंहितेतही अशी कितीतरी स्तोत्रं आहेत. १०९वं वाचून पाहा, शापांनी भरलेलं आहे. उपासनेत आपण ती सहसा गाळतो. गाळू नयेत, असं मला मनापासून वाटतं. ज्या शब्दांनी माणूस शेजाऱ्याचं घर जाळेल, ते शब्द आधी देवापुढे ओतायला ती स्तोत्रं शिकवतात.

सगळाच राग पाप नसतो, हेही सांगायला हवं. वाळलेल्या हाताचा माणूस समोर असताना सभास्थानातले लोक येशूवर दोष ठेवायला टपून बसले होते. त्यांच्या मनाचा कठीणपणा पाहून तो खिन्न झाला, आणि त्याने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, असं मार्क स्पष्ट लिहितो. त्या रागात त्याने त्या माणसाचा हात बरा केला. म्हणून नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला, बाई, राग सोड, क्षमा कर, असं घाईघाईने सांगणाऱ्या मंडळीला मी चुकलेली मानतो. तिचा राग आधी ऐकून घ्या, तिला सुरक्षित जागा द्या.

घरातल्या रोजच्या रागाला मात्र पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सूर्यास्ताची मुदत घातली आहे. मुदत छोटी आहे, म्हणून कुटुंबप्रार्थनेची वाट पाहू नका. दुपारीच दार लावून देवाला सांगा: त्याने हे केलं, मला असं झोंबलं, मला त्याचं वाईट व्हावंसं वाटतंय. नाव घेऊन सांगा, गुळमुळीत शब्द नकोत. मग देवाचा प्रश्न ऐका, तुझं हे रागावणं बरोबर आहे का? उत्तर हो असेल तर भावाला एकट्याला गाठून त्याची चूक त्याला सांगा. प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात हीच रीत घालून दिली आहे. उत्तर नाही असेल, तरी जायचं भावाच्याच दाराशी.