ठरावीक माप



कळमेश्वरात इशाची नमाज अदा करून घरी परतताना क्षणभर मान वर करून पाहा. कारखान्यांच्या दिव्यांवरही मात करून काही तारे चमकताना दिसतील. सूरह आले इमरानच्या आयती १९० व १९१ मध्ये आकाश-पृथ्वीच्या निर्मितीवरील चिंतन हे बुद्धिमंतांचे लक्षण सांगितले आहे, आणि ते अल्लाहच्या स्मरणाशी जोडले आहे.

या निर्मितीचा एक अध्याय आपल्याच महाराष्ट्रात उलगडला. पुणे जिल्ह्यातील खोडद परिसरात ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तारे वायूपासून जन्मतात. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी त्यांच्या जन्माचा वेग सर्वाधिक होता. आज तो जवळपास दहाव्या हिश्शावर आला आहे. असे का झाले? पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या संशोधकांनी २०२० मध्ये ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून ८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन वायू मोजला. साठा विपुल होता; परंतु तारे इतक्या वेगाने घडत होते की तो एक ते दोन अब्ज वर्षेच पुरला असता. नवा वायू पुरेसा न मिळाल्याने ताऱ्यांची निर्मिती मंदावली असावी, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

संशोधनाचे आकडे उद्या सुधारतील. ईमान त्यांवर उभे नसते. म्हणून दुर्बिणीचा निष्कर्ष आयतीचा पुरावा म्हणून मिरवू नये. बोध मात्र अवश्य घ्यावा. सर्व वस्तूंचे साठे अल्लाहपाशी असून त्या ठरावीक मापानेच उतरतात, ही सूरह हिज्रची (आयत २१) शिकवण आहे.

दीर्घिका सर्वाधिक झळाळत होत्या, तेव्हाच त्यांचा साठा झपाट्याने सरत होता. आपले तारुण्यही असेच आहे. जोम असतो तोवर ते संपेल असे वाटत नाही. म्हणूनच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वार्धक्यापूर्वी तारुण्याची आणि आजारापूर्वी आरोग्याची कदर करण्याची ताकीद दिली. आपला साठा कशावर खर्चावा, हे दीर्घिकेला ठरविता येत नाही, आपल्याला येते. म्हणून हिशेबही आपल्यालाच द्यायचा आहे.

आज रात्री मुलांना अंगणात नेऊन तारे दाखवा, आणि आजचा दिवस कशात खर्च झाला, हे स्वतःला विचारा.

अल्लाह आपणा सर्वांना उरलेल्या श्वासांची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.