अंकित कोणाचे, अनुभव कोणाचा?



गेल्या श्रावणात मठातील निबंधस्पर्धेसाठी एका विद्यार्थ्याने कायकतत्त्वावर सुंदर निबंध लिहून दिला. त्यात महात्मा बसवेश्वरांचे म्हणून एक वचन होते. शेवटी कूडलसंगमदेव हे अंकितही होते. वाचून आम्हांस आनंद झाला. परंतु वचन ओळखीचे वाटेना. वचनसंग्रह चाळले, कोठेच आढळले नाही. मुलाला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "स्वामीजी, मी मोबाईलवर एआयला विचारलं. त्यानंच दिलं."

मुलाचा हेतू खोटा नव्हता. यंत्राला तर हेतूच नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, त्यानंतर अशी साधने घरोघर पोचली. कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ती अफाट मजकुरावरून शिकतात आणि त्याप्रमाणे वाक्य जुळवितात. म्हणून वचनासारखे दिसणारे काहीही ती सहज रचतात. शरणांनी ते खरोखर उच्चारले होते काय, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

आता फ. गु. हळकट्टी यांना आठवा. विजापूरच्या या वकिलांनी घरोघर हिंडून ताडपत्रे मिळविली आणि १९२३ साली 'वचनशास्त्र सार' प्रसिद्ध केले. वचनांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. तो ठेवा आज बनावट वचनांनी गढूळ झाला, तर दोष यंत्राहून अधिक, न पडताळता पुढे पाठविणाऱ्या आपल्या हातांचा.

दुसरी हानी याहून सूक्ष्म आहे. अंकित म्हणजे निव्वळ सही नव्हे. बोललो तसे वागेन, अशी आराध्यासमोर दिलेली ती ग्वाही होय. यंत्राला बोल आहे, आचरण नाही. चूक आहे, पश्चात्ताप नाही. अभ्यास हे विद्यार्थ्याचे कायक होय, आणि दुसऱ्याच्या श्रमाने आपले कायक घडत नाही. आयत्या उत्तराने गुण मिळतील. अंतरीचा अरिवु जागा होणार नाही.

यंत्र टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. अंध भक्ताला त्याच्याकडून ग्रंथ ऐकविता येतो. कठीण कन्नड शब्दाचा अर्थ विचारून कोशात पडताळता येतो. मात्र वचन ग्रंथात पाहूनच लिहावे, आणि निबंध चार ओळींचा झाला तरी स्वतःचा असावा.

त्या मुलाने पुन्हा निबंध लिहिला. पहाटे उठून म्हशींची धार काढणाऱ्या आपल्या आईविषयी. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मठात आम्ही तोच वाचून दाखविला.

शरणु शरणार्थी.