मागच्या सीटवर कोण बसतं?

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या अंगणात चार मोठी खोकी येऊन पडली. मला वाटलं, लेकानं सणाला घरासाठी काहीतरी मागवलं असेल. उघडली तर आत चाकं. काळी, झगझगीत, पातळ आऱ्यांची. "आई, अठरा इंची आहेत," तो म्हणाला. आमच्या काळी मुली 'शुद्ध जर आहे' असं ज्या आवाजात सांगायच्या ना, अगदी त्याच आवाजात.

चाकं होती मामंजींच्या गाडीसाठी. मामंजींचा उद्यमबागेत ओतकामाचा कारखाना होता. पंपाचे भाग ओतून द्यायचे. आयुष्यभर लोखंडाच्या धुळीत राहिलेला माणूस. १९९६ मध्ये त्यांनी पुण्याहून मर्सिडीज आणली, डिझेलची. ही कंपनी तेव्हा पुण्याजवळ पिंपरीला गाड्या जोडायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. बेळगावात तेव्हा अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. मामंजींनी परिग्रह परिमाणाचं व्रत घेतलेलं. धोतरं किती, भांडी किती, वाहन किती, सगळं एका वहीत लिहिलेलं. वाहन एक. म्हणून नवी गाडी दारात आली त्याच दिवशी जुनी अँबॅसिडर त्यांनी विकून टाकली. आम्ही सुना स्वयंपाकघरात हसायचो, "व्रतात एकच गाडी बसते खरी, पण कुठली ते व्रतात कुठं लिहिलंय?" मामंजींच्या कानावर ते गेलं असावं. एकदा जेवताना म्हणाले, "गाडी दाखवायला नाही घेतली. पाठीसाठी घेतली." कारखान्यात वाकून वाकून त्यांची कंबर गेली होती, हे खरं. थोडं दाखवायलाही घेतली होती, हेही खरं. आता ते नाहीत, तेव्हा दोन्ही प्रेमानं सांगता येतं.

या गाडीबद्दल पुढं मी थोडं वाचलं. हे मॉडेल युरोपात १९८४ च्या अखेरीस आलं, आणि जगभर पंचवीस लाखांहून जास्त खपलं. तेव्हा कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते ब्रूनो साक्को, जन्मानं इटालियन. १९७५ पासून १९९९ पर्यंत ते त्या जागेवर होते. त्यांचा एक आग्रह असे, की नवीन गाडी अशी असावी, जिच्यामुळे आधीची गाडी म्हातारी दिसू नये. मला हे फार आवडलं. घरात नवी सून यावी आणि तिच्या येण्यानं सासूचं काही कमी झाल्यासारखं वाटू नये, तसं. म्हणूनच की काय, तीस वर्षांची झाली तरी आमची गाडी कधी म्हातारी वाटली नाही.

लेकाला मात्र वाटत होती. "आई, आताच्या सगळ्या मोठ्या गाड्या सतरा-अठरा इंचांवर असतात. एवढ्या मोठ्या अंगाला ही पंधरा इंचांची चाकं म्हणजे हत्तीला शेळीचे पाय." त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. नव्या गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, ते आत मावायला चाकही मोठं लागतं. टायर बुटका असला की वळणावर गाडी झटकन ऐकते. आणि दिसायला छान दिसतं, हे मी नाकारत नाही. डोळे मलाही आहेत.

पण मोठं चाक बसवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला आमच्या जुन्या मिस्त्रींनी अंगणात उभं राहून समजावलं. टायरवर आकडे लिहिलेले असतात. आपल्या ब्लाउजच्या मापासारखंच ते. आमच्या गाडीचं मूळ माप १९५/६५, पंधरा इंच. म्हणजे टायरची रुंदी १९५ मिलीमीटर, आणि टायरची भिंत त्या रुंदीच्या शेकडा ६५. हिशोब केला तर भिंत १२७ मिलीमीटरची होते, बरोबर पाच इंच. लेकानं आणलेला टायर २२५/४०, अठरा इंच. त्याची भिंत ९० मिलीमीटर, म्हणजे साडेतीन इंच. जमिनीपासून वरपर्यंत मोजलं तर दोन्ही चाकं जवळजवळ सारखीच, ६३४ आणि ६३७ मिलीमीटर. असावीच लागतात. नाहीतर किलोमीटरचा काटा खोटं बोलतो, आणि चाक मडगार्डमध्ये मावत नाही.

मी दोनदा बेरीज केली. म्हणजे चाक मोठं झालंच नव्हतं! बाहेरचं माप तेवढंच राहिलं. आतलं लोखंड वाढलं आणि वाढलेली जागा रबर-हवेच्या गादीतून काढून घेतली. दीड इंच गादी गेली.

"वहिनी, टायर म्हंजे निस्तं रबर नव्हं," मिस्त्री म्हणाले. "खड्डा आला की पयला मार टायर खातो. मग स्प्रिंग. मग माणूस. ही गाडी ज्यांनी बनवली, त्यांनी पाच इंच टायर धरूनच स्प्रिंग बसवलीया. तुमी टायर बुटका केला तर तो मार कुणीतरी खायलाच पायजे की."

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. मोठ्या चाकाच्या पातळ आऱ्यांमधून आतली ब्रेकची तबकडी आता उघडी दिसत होती. ती जुनीच, लहान. बारीक मनगटात मोठा चुडा घालावा तशी ती बिचारी दिसत होती.

तरी चाकं बसली. तरुण मुलाचा पहिल्या कमाईचा हट्ट होता. मी गप्प राहिले.

दिवाळीनंतर आम्ही सासूबाईंना बाहुबलीला घेऊन गेलो, कुंभोजजवळच्या. त्यांचं वय ८४. गाडीत पाच माणसं. लेक चालवतोय, हे पुढं, मागं मी, सासूबाई आणि नणंद. संकेश्वर, निपाणी करत चाललो. वेदगंगेच्या पुलावर सांध्यासांध्याला धप्, धप्, धप्. याच पुलावरून याच गाडीतून मी शंभरदा गेले असेन. त्याला सांधे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. कागलच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, वळणावळणानं जायचं, तिथं तर विचारू नका. एका खड्ड्यात मागचं चाक मडगार्डला घासलं, खर्रकन आवाज आला. सासूबाईंनी पुढच्या सीटची कड धरली होती, ती देवळाचं शिखर दिसेपर्यंत सोडली नाही.

लेकानं आरशातून विचारलं, "आजी, बरं वाटतंय न्हवं?"

"बरं हाय की रे बाळा. गाडी देखणी दिसतीया."

रात्री मी त्यांच्या कंबरेला तेल लावलं. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत. फक्त हात लागला तिथं श्वास अडकला त्यांचा.

परत आल्यावर लेक गाडी एका कारागिराकडे घेऊन गेला. तिथं त्याला सांगितलं, मागच्या मडगार्डची आतली कड ठोकून आत वळवू, मग चाक घासणार नाही. "फक्त कड आत घ्यायची आहे, आई." त्या दिवशी मात्र माझी झोप उडाली. चाकं काय, काढून परत बसवता येतात. जुनी चारही मी माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवली होती. पण ठोकलेला पत्रा पहिल्यासारखा होत नाही. रंग तडकतो, आमच्या बेळगावच्या पावसात तिथूनच गंज धरतो.

आता इथून माझा खरा प्रश्न सुरू होतो. वस्तू कुणाची? मामंजी गेले, गाडी लेकाची झाली. स्वतःच्या वस्तूचं त्यानं काय करावं हे सांगणारी मी कोण? कायद्याचं म्हणाल तर कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल चालणार नाही, असं २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. पण कायदा मध्ये घालून लेकाशी बोलणं माझ्या जिवावर आलं. कायदा पत्र्याचं विचारील. आजीच्या कंबरेचं विचारणार नाही.

मग मी स्वतःशी म्हटलं, ही मामंजींची आठवण आहे, ती जशीच्या तशी राहिली पाहिजे. पण थोड्या वेळानं वाटलं, हा तरी काय, माझा मोहच. त्याला नव्या चाकांचा, मला जुन्या चाकांचा. आपल्याकडं परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तिच्यात गुंतलेलं मन, असं लहानपणापासून ऐकत आलोय. माझं मनही त्या गाडीत गुंतलेलंच होतं. त्या बाजूनं मला लेकाला बोलायचा अधिकार नव्हता.

आणि अधिकार नसल्याचं आणखी एक कारण माझ्या पायाखालीच होतं.

२०११ मध्ये आम्ही घर नवं केलं. जुनी शहाबादी फरशी काळी पडली होती, पाहुण्यांसमोर मला लाज वाटायची. मीच हट्ट धरला आणि सोप्यापासून न्हाणीपर्यंत पांढऱ्या, आरशासारख्या टाइल्स बसवून घेतल्या. बायका येऊन म्हणायच्या, "तुमच्या घरात तोंड बघून कुंकू लावावं!" केवढी सुखावले होते मी. तेव्हापासून सासूबाई भिंतीला हात लावून चालतात. मी समजत होते, वय झालं. चौदा वर्षं मी तेच समजत होते. कागलच्या त्या रस्त्यावर सीटची कड घट्ट धरलेली त्यांची बोटं पाहिली, तेव्हा आठवलं की हीच बोटं रोज पहाटे आमच्या भिंतीवरून न्हाणीपर्यंत सरकत जातात. म्हणजे अठरा इंची चाकं आमच्या घरात लेकाच्या आधी मी आणली होती.

मैत्रिणींनो, देखणेपणाला माझी हरकत नाही. देवळाच्या खांबावर सुद्धा माणसानं वेलबुट्टी कोरली आहे. पण देखणेपणाची गादी कुठून तरी काढावी लागते. बाहेरचं माप ठरलेलं असतं, वेळ ठरलेला, पैसा ठरलेला, घराची जागा ठरलेली. एक वाढवलं की दुसरं कमी होतं. आणि जे कमी होतं ते बहुतेक वेळा चालवणाऱ्याचं होत नाही. स्टिअरिंग धरलेल्या माणसाला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरून धरतो. मागं बसलेल्याला काही दिसत नाही. त्याला नुसता धक्का कळतो.

"पण त्यांना विचारलं होतं की," असं आपण म्हणतो. लेकानं विचारलंच होतं. मीही टाइल्स आणायच्या आधी सासूबाईंना नमुना दाखवला होता. त्या "झ्याक हाय" म्हणाल्या होत्या. नातवाला आणि सुनेला नाही म्हणणारी म्हातारी मी अजून पाहिली नाही. प्रेमानं दिलेला होकार आपण परवानगी म्हणून वापरतो, तिथं आपलं चुकतं. न सांगता जे दिसतं ते बघायचं असतं. कुणाची बोटं कशाला धरून आहेत ते.

मी लेकाला उपदेश केला नाही. एका रविवारी एवढंच म्हटलं, "आज बाबा चालवतील, तू मागं बस. खानापूरपर्यंत जाऊन येऊ." तो मागं बसला, आजीच्या जागेवर. जाताना फोन बघत होता. नंदिहळ्ळीचा फाटा येईपर्यंत फोन खिशात गेला. येताना त्यानं सीटची कड धरली होती. मी आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली. घरी आल्यावर "हं" एवढंच म्हणाला.

मडगार्ड ठोकलं नाही. दोन आठवड्यांनी माळ्यावरची जुनी चाकं खाली आली आणि नवी चार त्याच गोणपाटात वर गेली. तो अजून म्हणतो, सोळा इंची बघू, तेवढ्यानं गादी फार जात नाही. बघेल. मिस्त्रीही तेवढं चालेल म्हणालेत. नव्या चाकांचा विषय निघाला की त्याचा चेहरा थोडा पडतो. पहिल्या कमाईची वस्तू आहे, पडणारच.

माझी पाळी राहिली होती. सोप्यापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवरच्या टाइल्स मी काढून घेतल्या आणि तिथं पुन्हा खरखरीत शहाबादी बसवली. पांढऱ्यात मधेच काळा पट्टा, दिसायला अगदी ठिगळ लावल्यासारखं. परवा एक ओळखीच्या बाई आल्या, बघून म्हणाल्या, "हे असं का हो केलं?"

मी काही सांगायच्या आत सासूबाई न्हाणीतून आल्या. दोन्ही हातात ओली वस्त्रं होती. भिंतीला हात नव्हता.