कुठेतरी पाणी मुरतंय

रात्री पाऊस पडून गेला होता. फार नाही. छपरावर अर्धा तास टपटप झाली आणि थांबली. सकाळी चहाच्या आधी मी जंगलाच्या वाटेला लागले.

ही वाट अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या पार उत्तरेला आहे, प्रीस्ट लेक नावाच्या सरोवराजवळ. मुलगी स्पोकॅनला राहते. ऑगस्ट सरत आला की चार दिवस इथे येते. या खेपेला मीही होते. रेड सीडर, हेमलॉक, ग्रँड फर अशी उंच झाडं. त्यांच्याखाली सकाळसुद्धा जरा उशिराच होते.

वाटेला आडवा एक जुना रस्ता येतो. रस्ता म्हणायचा इतकंच. कधीकाळी इथून तोडलेले ओंडके यंत्रांनी ओढून नेले, त्याच्या दोन चाकोऱ्या उरल्या आहेत. त्या चाकोऱ्यांत पाणी साचलं होतं. आणि दोन हातांवर, झाडांखाली, पावसाचा मागमूस नव्हता. जमीन ओलसर, पण पाणी कुठेच नाही. पाऊस तोच. माती तीच. एका जागी डबकं, दुसऱ्या जागी काहीच नाही.

आपल्याकडे ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हटलं की संशय येतो. इथे उलट होतं. पाणी मुरत नव्हतं, तिथेच काहीतरी बिघडलं होतं.

थोडं पुढे एक मोठं फरचं झाड उन्मळून पडलेलं होतं. त्याची मुळं मातीसकट उभी राहिली होती, भिंतीला टेकवलेल्या परातीसारखी. एवढं उंच झाड, आणि मुळं खोल गेलीच नव्हती. सगळी आडवी पसरलेली. का, ते खालच्या खड्ड्यात दिसत होतं. खड्ड्याच्या कडेला मातीचे दोन थर होते. वरचा नाचणीच्या पिठाच्या रंगाचा, आणि तसाच मऊ. खालचा राखाडी. गोटे, वाळू, चिकण, सगळं एकात एक ठेचलेलं. वरच्या थरात बोट सहज गेलं. खालच्याला नख लावलं, तर नखच दुखलं.

खालचा थर बर्फाने आणलेला आहे. मागच्या हिमयुगात कॅनडाकडून आलेला बर्फ या दऱ्यांतून शेकडो मीटर जाडीने सरकत होता. सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी तो मागे हटू लागला. नदी आपलं सामान निवडून टाकते. गोटे आधी, वाळू मग, गाळ शेवटी. बर्फाला निवडणं ठाऊक नाही. जे वाटेत आलं ते त्याने उचललं, भरडलं आणि अंगाखाली दाबून पुढे गेला. भूगर्भशास्त्रात त्याला टिल म्हणतात. हिमनदीचा राडारोडाच तो. बर्फ जाऊन इतकी हजार वर्षं झाली. दाब मात्र अजून तिथेच आहे.

वरचा थर आकाशातून आला. इथून सातशेहून अधिक किलोमीटरवर, ओरेगॉन राज्यात, माझामा नावाचा ज्वालामुखी पर्वत होता. साधारण ७,७०० वर्षांपूर्वी त्याचा प्रचंड उद्रेक झाला. वाऱ्याबरोबर राख ईशान्येकडे आली आणि या डोंगरांवर उतरली. उन्हाकडच्या उघड्या उतारांवरून पुष्कळशी वाहून गेली. सावलीच्या, झाडीच्या उतारांवर टिकली. कुठे वीतभर, कुठे हातभर. इथली वनखात्याची माणसं तिला ‘ॲश कॅप’ म्हणतात. राखेची टोपी.

राख म्हटलं की मला चुलीतली राख आठवते. लहानपणी आम्ही तिने भांडी घासायचो. काहीतरी जळून गेल्यावर उरते ती राख. ही तशी नव्हे. इथे काही जळलेलं नाही. ही काच आहे. वितळलेल्या खडकात वायू कोंडला होता. दाब सुटताच त्याचा फेस झाला, बुडबुडे फुटले आणि फुटता फुटता हवेत थिजले. भिंगाखाली हे कण फुटलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांसारखे दिसतात. वाकलेले, टोकदार, पारदर्शक. प्रत्येक तुकडा म्हणजे एका बुडबुड्याची भिंत. काही कणांच्या पोटात तर बुडबुडा अजून शाबूत असतो.

असे वेडेवाकडे तुकडे एकमेकांत घट्ट बसत नाहीत. मधे जागा राहते. पुढे पाणी आणि मुळं मिळून ही काच हळूहळू विरवतात. तिच्यातून ॲलोफेन नावाचं खनिज तयार होतं. त्याचे कणही पोकळच. एका मिलिमीटरच्या लांबीत दोन लाखांहून अधिक मावतील एवढे बारीक पोकळ गोळे. म्हणजे मोठ्या जागेत लहान जागा, आणि लहान जागेत आणखी लहान जागा.

लिटरभर मापात ही माती भरून, सुकवून तोलली, तर पाऊण किलोच्या आसपास भरेल. खालचा दाबलेला टिल तेवढ्याच मापात दीड किलोच्या वर जातो. हिशेब केला तर या वरच्या मातीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग माती नसतोच. तिथे हवा असते, नाहीतर पाणी.

जंगल त्या दोन तृतीयांशावर उभं आहे.

हे मला तिथे, पडलेल्या झाडाशेजारी उभं राहून उमगलं असं नाही. माहिती होती. पण माहिती असणं वेगळं आणि आपलं बोट त्या पिठात बुडालेलं बघणं वेगळं.

आपल्याकडे ऑगस्ट म्हणजे पाऊस. इथे जुलै आणि ऑगस्ट हेच वर्षातले सर्वांत कोरडे महिने. रात्रीची ती सर म्हणजे पाहुणीच. इथलं पाणी हिवाळ्यात बर्फ होऊन पडतं आणि वसंतात वितळतं. ते धरून ठेवायला कोणी नसतं, तर उतारावरून निघून गेलं असतं. खालच्या टिलमध्ये ते फारसं शिरत नाही. वरची राख ते पिऊन घेते आणि पुढचे कोरडे महिने झाडांना घोट घोट देत राहते. सीडर आणि हेमलॉक ही पाण्याला हपापलेली झाडं. कोरड्या उन्हाळ्याच्या या मुलखात ती उभी आहेत, त्यामागे या वीतभर थराचा मोठा हात आहे.

ही माती सगळंच असं मोकळ्या हाताने देते असं मात्र नाही. फॉस्फरस ती फार घट्ट धरते. तो सोडवून घ्यायला मुळांना बुरशीची मदत लागते. मोकळेपणा म्हणजे उधळेपणा नव्हे, असंच जणू.

माझामाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. एवढं पोटातलं बाहेर पडल्यावर पर्वताचा माथा आत कोसळला. तिथे खोल कढई झाली. तिला ना आत येणारी नदी, ना बाहेर जाणारी. पाऊस आणि वितळलेला बर्फ साठत साठत ती भरली. आज तिला क्रेटर लेक म्हणतात. खोली ५९४ मीटर. अमेरिकेतलं सर्वांत खोल सरोवर.

पर्वत रिकामा झाला आणि त्या रिकाम्या जागेत पाणी साठलं. त्याची राख दूरवर पसरली आणि तिच्यातल्या रिकाम्या जागांतही पाणी साठलं. मोठ्या पोकळीतलं पाणी बघायला लोक लांबून येतात. लहान पोकळ्यांतलं पाणी कुणाला दिसत नाही. ते झाडं पितात.

या भागात राख नंतरही पडली. १८ मे १९८० ला सेंट हेलेन्स पर्वत फुटला, तेव्हा स्पोकॅनला भरदुपारी अंधारून आलं होतं. लोकांनी तोंडाला फडकी बांधली, छपरं झाडली, रस्ते धुतले. तेही बरोबरच. घरात राख कोण ठेवील? जंगलाने मात्र झाडलोट केली नाही. जे पडलं ते पडू दिलं, आणि त्यावर आपली पानं टाकत राहिलं.

मी पुन्हा त्या चाकोरीपाशी आले. डबक्यात आकाशाचा एक लहान तुकडा होता. दिसायला सुंदरच होतं ते.

इथे काय झालं असेल? यंत्र आलं, ओंडका ओढत गेलं, परत आलं. जंगलात काम करणारे सांगतात की अशा जमिनीचं बहुतेक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. शंभराव्या फेरीत दाबायला फारसं उरलेलंच नसतं. त्या यंत्राने मातीतलं काही नेलं नाही. एक कणही नाही. मातीचं वजन केलं तर तेवढंच भरेल. गेली ती फक्त मधली जागा.

आणि ती गेलेली कुणाला दिसली नाही. दिसलं ते साचलेलं पाणी. तेही पाऊस पडला तेव्हा.

माझं लहानपण परभणीकडच्या काळ्या जमिनीत गेलं. ती मातीही मुळात ज्वालामुखीचीच लेक. पण तिची आई वेगळी. दख्खनचा काळा बेसॉल्ट झिजून ती झाली. तिचा स्वभावही वेगळा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मे महिन्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची ढेकळं, भुसा, पाचोळा त्या भेगांत पडतो. पुढच्या पावसात ती पुन्हा मिटते. काळी माती स्वतःच स्वतःला नांगरते, असं म्हणतात ते याचसाठी. तिच्यावर ओझं पडलं, तर ती चिडते, फाटते आणि त्यातूनच थोडी मोकळी होते.

ही राखेची माती फाटत नाही. फुगत नाही, आकसत नाही. हिवाळ्यात जमीन गोठली असती, तर गोठण्याच्या ताणाने तरी थोडी सुटली असती. पण वर बर्फाची जाड गोधडी असते, त्यामुळे जमीन फारशी गोठतही नाही. एकदा दबली की दशकानुदशकं तशीच राहते. एखादं मूळ शिरेल, एखादा किडा वाट काढील, तेवढाच आधार. फाटणारी माती डोळ्यांना खुपते. न फाटणारी माती शहाणी वाटते. पण भेग हीसुद्धा मोकळं होण्याची एक रीत आहे. ती ज्याच्यापाशी नाही, त्याला अधिक जपावं लागतं.

इथले जाणते लोक तसं जपतात. जमीन ओली असताना यंत्रं आत घालत नाहीत. ती सुकेपर्यंत थांबतात, किंवा वर जाड बर्फ साचेपर्यंत. चाकांखाली फांद्यांचा थर अंथरतात. आणि पूर्वी जिथून गेले, शक्यतो तिथूनच पुन्हा जातात. दबलेली जागा आणखी फारशी दबत नाही, नवी जागा मात्र वाचते.

हे ऐकलं तेव्हा मला परभणीकडची आमची शेती बघणारे अण्णा आठवले होते. त्यांना हे सगळं एका शब्दात ठाऊक होतं. वाफसा. पाऊस उघडला, ऊन पडलं की माझा भाऊ उतावळा व्हायचा. औत जुंपू म्हणायचा. अण्णा बांधावरून आत जायचे, मूठभर माती उचलायचे, दाबायचे आणि हात उघडून बघायचे. गोळा तसाच राहिला, तर मान हलवायचे. हलक्या बोटाने तो फुटला, तर हसायचे. मातीत जेवढं पाणी तेवढी हवाही असते, ती घडी म्हणजे वाफसा. त्या घडीआधी औत घातलं, तर पुढे हंगामभर ढेकळं फोडत बसावं लागतं. भाऊ कुरकुरायचा. वरून जमीन तर कोरडी दिसते, म्हणायचा.

सूर्य झाडांच्या वर आला होता. घराकडून चहासाठी हाक आली. परतताना मी मऊ जमिनीवरून आले नाही. त्या जुन्या चाकोरीतूनच आले, डबक्याच्या कडेकडेने. बूट भिजले. दोन पावलांवरची जमीन रात्रीचा सगळा पाऊस पोटात घेऊन तशीच मऊ पडून होती, आणि तिच्याकडे बघून पाऊस झालाय हे कुणाला कळलंही नसतं.

अण्णा भावाला एकच सांगायचे. पाऊस थांबला म्हणजे वाफसा आला, असं नसतं.