उद्याच्या विजयासाठी आजचा पराभव

शिकागो शहरातील 'व्हाइट सॉक्स' या बेसबॉल संघाने २०२४ च्या हंगामात १६२ सामन्यांपैकी १२१ सामने गमावले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेच्या प्रमुख स्पर्धेत कोणत्याही संघाचे एका हंगामात इतके पराभव झालेले नव्हते. बेसबॉल हा आपला खेळ नव्हे, हे मान्य. परंतु २०२५ साली पोपपदी निवडले गेलेले लिओ चौदावे हे मूळचे शिकागोचे आणि याच संघाचे जुने चाहते. २००५ च्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्याला ते प्रेक्षकांत बसलेले होते. तेव्हा हा विषय आपल्या मासिकात कोठून आला, अशी तक्रार निदान आमच्या कॅथॉलिक वाचकांनी तरी करू नये!

या पराभवामागे एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो समजण्यासाठी तेथील व्यवस्था थोडी जाणून घेतली पाहिजे. तीस संघांच्या त्या स्पर्धेत तळाला गेलेल्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलले जात नाही. उलट, १९६५ पासून चालत आलेल्या पद्धतीनुसार, दरवर्षी नवोदित खेळाडूंची जी निवड होते तीत सर्वांत दुबळ्या संघाला आधी निवड करण्याचा मान मिळत असे. हेतू चांगला होता. दुबळ्याला आधार मिळावा, धनवान संघांनीच सारे गुणी तरुण पळवू नयेत. परंतु दयेपोटी केलेल्या नियमाचाही हिशेब मांडणारे लोक असतात. मधल्या क्रमांकावर रखडण्यापेक्षा तळाशी जाणे फायद्याचे, हे त्यांच्या लक्षात आले. मग नावाजलेले खेळाडू इतर संघांना द्यावेत, त्यांच्या बदल्यात अननुभवी पण होतकरू तरुण घ्यावेत, वेतनावरील खर्च घटवावा, तीन-चार वर्षे हरावे आणि नंतर जिंकावे, असा एक मार्गच रूढ झाला. त्याला 'रीबिल्डिंग', म्हणजे पुनर्बांधणी, असे भारदस्त नाव आहे.

शब्दांशीच रोजचा व्यवहार असल्यामुळे मला हे नाव खटकते. नहेम्याने यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधला तो पडलेला होता म्हणून. बांधण्याची कीर्ती मिळावी म्हणून त्याने तो आधी पाडला नव्हता. येथे पुष्कळदा उभी भिंत मालकच उतरवतो आणि मग बांधकामाची घोषणा करतो.

या मार्गाचे सर्वांत गाजलेले उदाहरण ह्यूस्टनच्या 'ॲस्ट्रोज' संघाचे. २०११, २०१२ आणि २०१३ या लागोपाठच्या वर्षांत त्यांनी अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने गमावले. सलग तीन वर्षे निवडीचा पहिला क्रमांक त्यांच्याकडे आला आणि २०१७ साली ते जगज्जेते झाले. शिकागोच्याच 'कब्ज' संघाने २०१२ मध्ये १०१ सामने गमावून २०१६ साली १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवले होते. हिशेब जमला, असे सर्वांनी मान्य केले. पुढे २०१९ च्या अखेरीस उघडकीस आले की, ॲस्ट्रोज संघ त्या विजयी वर्षी कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत होता आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला पुढच्या चेंडूची सूचना देत होता. जानेवारी २०२० मध्ये संघाला पन्नास लक्ष डॉलरांचा दंड झाला. सरव्यवस्थापक जेफ लूनो व प्रशिक्षक ए. जे. हिंच यांच्यावर वर्षभराची बंदी आली आणि मालकाने दोघांनाही काढून टाकले. मुद्दाम दुबळे राहणारा संघ पुढे चोरी करतोच, असा निष्कर्ष मी यावरून काढणार नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. मात्र शेवटी पदरात काय पडले एवढ्यावरूनच प्रत्येक कृत्याचे मोल ठरवण्याची एकदा सवय जडली की, थांबायचे कोठे हे कोण सांगणार?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यासाठी व्हाइट सॉक्सच्याच इतिहासात शंभर वर्षे मागे जावे लागते. १९१९ च्या अंतिम मालिकेत हा बलाढ्य संघ सिनसिनाटीकडून पाच विरुद्ध तीन सामन्यांनी हरला. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचा आरोप आठ खेळाडूंवर आला. ऑगस्ट १९२१ मध्ये न्यायालयात ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले; परंतु दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त न्यायाधीश लँडिस यांनी त्या आठही जणांना खेळातून कायमचे बाद केले. त्यांतील जो जॅक्सन यांच्यावरील बंदी उठली ती मे २०२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूला ७३ वर्षे उलटून गेल्यावर.

आठ खेळाडूंनी हरण्याची व्यवस्था केली तर जन्माची शिक्षा; आणि मालक-व्यवस्थापकांनी तीन-तीन वर्षे हरण्याची व्यवस्था केली तर दूरदृष्टीची प्रशंसा. हे कसे?

भेद आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. जुगाऱ्याचा व्यवहार अंधारात झाला, पुनर्बांधणी जाहीरपणे होते. पहिल्यात खेळाडूने आपल्याच सोबत्यांशी द्रोह केला. दुसऱ्यात मैदानावर उतरलेला प्रत्येक जण जिंकण्यासाठीच धडपडतो, केवळ त्याची शक्ती कमी पडते. शिवाय, पुढच्या पिकासाठी शेतकरी जमीन एखादा हंगाम मोकळी ठेवतो, त्याला आपण आळशी म्हणत नाही. व्हाइट सॉक्सने २०१६ च्या डिसेंबरात क्रिस सेल हा अव्वल पिचर बॉस्टनला दिला आणि बदल्यात तरुण खेळाडू घेतले, त्यात मला दोष दिसत नाही. आपल्याजवळ आज पुरेसे बळ नाही हे ओळखून उद्याची तयारी करणे हा प्रामाणिकपणाच आहे.

पण शेताची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. मोकळ्या ठेवलेल्या जमिनीचा तोटा शेतकरी स्वतः सोसतो. येथे तोटा कोण सोसतो? मालकाचा तर खर्चच घटतो. सोसतो तो खेळाडू, ज्याच्या उमेदीची मोजकी वर्षे या हिशेबात खर्ची पडतात. आणि सोसतो तो बाप, जो मुलाला घेऊन पूर्ण दराचे तिकीट काढून येतो. ज्याला विचारलेले नाही त्याच्या वर्तमानातून आपले भविष्य विकत घेणे, हा या व्यवहारातील खरा दोष मला वाटतो. खेळाबाहेरही हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. धरणासाठी गाव उठवताना तो आपण पाहिला आहे.

शिवाय ते भविष्य तरी हाती येते काय? ॲस्ट्रोजने २०१३ साली सर्वांत आधी निवडलेला मार्क ॲपेल त्यांच्याकडून मुख्य स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. २०१८ मध्ये त्याने खेळ सोडला, पुन्हा धरला आणि जून २०२२ मध्ये, तिशी गाठल्यावर, फिलाडेल्फियाकडून प्रथमच मैदानात उतरला. व्हाइट सॉक्सच्या पहिल्या पुनर्बांधणीला २०२१ साली फळ आले असे वाटले, ९३ विजय मिळाले. दोनच वर्षांनी १०१ पराभव पदरी पडले. याउलट न्यूयॉर्कच्या 'मेट्स' संघाने १९६२ मध्ये १२० सामने गमावले ते केवळ नवखेपणामुळे, त्यात कसलीही योजना नव्हती. आणि सातच वर्षांनी तो जगज्जेता झाला.

२०२२ च्या करारानंतर नियम बदलले. पहिले सहा क्रमांक आता सोडतीने ठरतात आणि मोठ्या उत्पन्नाच्या संघाला लागोपाठ दोन वर्षे त्या सोडतीत भाग घेता येत नाही. त्यामुळे १२१ पराभवांनंतरही व्हाइट सॉक्सला २०२५ च्या निवडीत दहावाच क्रमांक मिळाला. हरण्याचे बक्षीस त्यांच्यापुरते काढून घेतलेले होते.

या पार्श्वभूमीवर त्या हंगामाचा अखेरचा आठवडा मला विशेष वाटतो. १२० पराभव झालेले होते. आणखी एक झाला की नकोसा विक्रम नावावर लागणार होता. २४ सप्टेंबरला एंजल्सविरुद्धचा सामना पाहण्यास कित्येक प्रेक्षक आले ते तो विक्रम डोळ्यांनी पाहण्यासाठी. 'संघ विकून टाका' अशा आरोळ्या मालकाला उद्देशून उठत होत्या. आठव्या डावापर्यंत मागे असलेला संघ त्या दिवशी ३-२ असा जिंकला. पुढचे दोन्ही दिवस जिंकला. २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये तो १२१ वा पराभव आलाच. तरी उरलेले दोन सामने त्यांनी पुन्हा जिंकले. सहापैकी पाच. या विजयांनी गुणतक्त्यात त्यांचे स्थान तसूभरही बदलणार नव्हते.

२०२५ मध्ये संघाने ६० सामने जिंकले आणि १०२ गमावले. डिसेंबरातील सोडतीत पुढच्या निवडीचा पहिला क्रमांकही त्यांना लाभला. गॅरेट क्रोशे या पिचरच्या बदल्यात आलेले काईल टील आणि चेस मायड्रॉथ हे तरुण चमकू लागले आहेत. भवितव्य निराशाजनक नाही, असे जाणकार म्हणतात आणि तसे होवो. पण विजय आलाच तर तो साजरा करणाऱ्यांत त्या सप्टेंबरात खेळलेल्यांपैकी फारच थोडे असतील. बरेचसे तोवर दुसऱ्या संघांत गेलेले असतील, काहींचा खेळ संपलेला असेल. एंजल्सविरुद्धचे ते तीन दिवस मात्र त्यांचेच आहेत.