नक्षत्राचा दोष

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात ज्योतिषाची हस्तलिखिते आहेत. ‘ज्योतिष’ या एका शब्दात दोन विद्या नांदत आल्या : आकाशातल्या ज्योतींचे गणित आणि त्यांवरून सांगितलेले माणसाचे भविष्य. पहिली विचारते, तारा कुठे आहे? दुसरी विचारते, तो माझे काय करणार? आकाशदर्शनाचा नाद नुकताच लागलेल्या माणसापुढे तिसरा प्रश्न उभा राहतो : हा तारा स्वतः आहे तरी काय? या प्रश्नात कुतूहल आहेच. मला वाटते, न्यायबुद्धीही आहे.

याच तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७७७–१८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती विरहिणी नायिकेचा हात पाहून तिचे भविष्य सांगते. सरफोजींनी तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. ऐकणाऱ्याची नजर स्वतःच्या तळहातावरून उठून आपल्याशी काही देणेघेणे नसलेल्या देशांकडे गेली. ताऱ्यांच्या अभ्यासाची सुरुवातही अशीच, नजर उचलण्यापासून होते.

पहिला धडा असा की, दिसणे वेगळे आणि असणे वेगळे. रात्रीच्या आकाशात सर्वांत तेजस्वी तारा व्याध, त्याच्या खालोखाल दक्षिणेचा अगस्त्य. पण व्याध अवघ्या साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे, अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर. मुळात अगस्त्यच व्याधाच्या शेकडो पट तेजस्वी. त्याचा आज दिसणारा प्रकाश निघाला तेव्हा तंजावूरवर व्यंकोजींच्या मुलांचे राज्य होते. दुसरा धडा रंगाचा. तांबूस तारा तुलनेने थंड, निळसर तारा अधिक तप्त. तारे कशाचे बनले आहेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असे फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनी १८३५ मध्ये लिहिले. १८५९ मध्ये किरखॉफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची वाट दाखवली.

आता मूळ नक्षत्राकडे पाहू. वृश्चिकाच्या नांगीतले हे तारे तंजावूरहून पुण्यापेक्षा अधिक वर चढलेले दिसतात. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, ही समजूत मात्र दोन्हीकडे सारखीच. तिच्यापायी मुलींची स्थळे फिरली आहेत. प्रत्यक्षात त्या नांगीत काय आहे? एक तारा निळा-पांढरा, अतितप्त. दुसरा पिवळसर, त्याहून पुष्कळ थंड. सगळे तारे आपल्यापासून एकाच अंतरावरही नाहीत. नांगीचा आकार आपण पाहतो त्या दिशेमुळे घडतो. मुलगी जन्मली तेव्हा चंद्र पृथ्वीवरून त्या दिशेला दिसत होता, एवढीच घटना. तो चंद्रही पावणेचार लाख किलोमीटरच्या आसपास. तारे त्याच्या कितीतरी मागे.

फलज्योतिषी म्हणेल, ताऱ्यांच्या घडणीशी आम्हाला कर्तव्य नाही. आमचे शास्त्र दिशांचे आहे. त्याचा हा खुलासा प्रामाणिक आहे, पण मला तोच खटकतो. ज्या ताऱ्याविषयी काही जाणून घ्यायचे नाही, त्याच्या नावाने दोष सांगायचा. आणि तो दोष जिच्या माथी मारायचा, तिच्याविषयीही काही जाणून घ्यायचे नाही. दोघांची पारख न करता निकाल लागतो.

भविष्य विचारणाऱ्याला मी हसणार नाही. विरहिणीला धीर हवा असतो आणि तारा धीर देत नाही. पण दुर्बीण धरणाऱ्याच्या अंगी एक सवय मुरते : आधी पाहायचे, मग मोजायचे, बोलायचे ते शेवटी. ही सवय आकाशापुरती ठेवली तर तो एक चांगला छंद. घरात आलेल्या पत्रिकेपुढे ती शाबूत राहिली, तर एखाद्या मुलीला न्याय मिळतो.