विद्यावेतन पोरांना, हिशेब ग्रामसभेला

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या धनेगावात पाय ठेवायला जागा उरत नाही. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून, तेलंगणातून गोंड समाजाची माणसं लाखांनी येतात. कुणी दरेकसा स्टेशनवर उतरून चालत येतो, कुणी बिऱ्हाड घेऊन गाडीने. सगळ्यांना कचारगडची गुहा गाठायची असते. काली कंकालीची तेहतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती, अशी गोंडांच्या कोया पुनेम धर्माची कथा आहे. हिरासुका पाटालीरच्या वाद्यानं त्यांना बळ दिलं, दारावरची शिळा हलली आणि त्या शिळेखाली खुद्द हिरासुकाचा जीव गेला. सुटलेल्या मुलांना जंगो रायताडनं सांभाळलं, पारी कोपार लिंगोनं शिकवलं. गोटूल या युवागृहाची परंपराही लिंगोचीच मानतात. पुढं समाजाची कुळं ठरली आणि प्रत्येक कुळाकडं एक झाड, एक प्राणी, एक पक्षी जपायचं काम आलं. परंपरेनं साडेसातशे कुळं सांगितली जातात, म्हणजे सव्वादोन हजार जीवांची राखण वाटून दिलेली.

कोंडलेल्या मुलांना बाहेर काढणं, त्यांना शिकवणं आणि शिकलेल्यांवर रानाची जबाबदारी टाकणं हा या तीर्थाचा गाभा आहे. आजही शिकलेल्यांवर रानाची जबाबदारी टाकायची भाषा होते: हवामान बदलावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना फेलोशिप द्यावी असं सगळीकडं बोललं जातं. सरकार बोलतं, कंपन्या बोलतात, परदेशी संस्थाही बोलतात. त्या प्रत्येकाला माझा एकच प्रश्न आहे: या फेलोशिपच्या यादीत धनेगाव-दरेकशाची पोरं कुठं आहेत?

आपल्याकडं पर्यावरणाचं शिक्षण नाही असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गेल्या वीसेक वर्षांत पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय सक्तीचा झाला. त्याचं पुढं काय झालं हे कोणत्याही कॉलेजातल्या प्रकल्पवह्यांच्या गठ्ठ्यात दिसतं. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’. मुखपृष्ठावर चिकटवलेली पृथ्वी, आत गंगेची आणि यमुनेची माहिती, शेवटी ऋणनिर्देश. वही लिहिणाऱ्या पोराच्या गावातल्या बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, बांध फुटलेला असतो. त्याचा उल्लेख कुठंच नसतो, कारण त्याला तो कुणी विचारलेलाच नसतो. त्या वहीला गुण मिळतात आणि वर्ष संपलं की ती रद्दीत जाते. तरुणांच्या एवढ्या बुद्धीची अशी नासाडी आपण शिक्षण म्हणून खपवून घेतो. हे अनैतिक आहे.

तरुणांना पैसे देऊन गावाकडं पाठवण्याचे प्रयोगही झालेत. केंद्र सरकारनं 2012मध्ये पंतप्रधान ग्रामविकास फेलो नक्षलग्रस्त जिल्ह्यांत पाठवले. राज्यानं 2015मध्ये मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. त्यातून गेलेल्या अनेकांनी मनापासून काम केलं, त्यांच्याविषयी आदरच आहे. पण अशा योजनांची घडण बघा. निवड शहरी स्पर्धेतून होते, नेमणूक कार्यालयात होते, अहवाल वर जातो आणि मुदत संपली की माणूस निघून जातो. गावाकडं त्याचा मोबाइल नंबर तेवढा उरतो.

महात्मा फुल्यांनी हे दुखणं 1882मध्येच ओळखलं होतं. हंटर आयोगापुढं त्यांनी स्पष्ट मांडलं की सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. शिष्यवृत्त्यांबद्दलही ते बोलले. स्पर्धेनं शिष्यवृत्ती वाटणं दिसायला न्याय्य असलं तरी त्यानं इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. म्हणून जिथं शिक्षण पोचलेलंच नाही त्या वर्गांसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज फेलोशिपचा अर्ज इंग्रजीत, मुलाखत व्हिडिओ कॉलवर आणि आधीच्या कामाचा पुरावा छायाचित्रांसह मागितला जातो, तेव्हा फुल्यांनी दाखवलेली तीच चाळणी आपण नव्यानं विणत असतो.

त्यात भर वेळापत्रकाच्या अन्यायाची. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, मेमध्ये तेंदूपत्ता येतो, पाऊस पडला की धानाची रोवणी सुरू होते. इथल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गरीब घरात वर्षाची रोकड याच महिन्यांत येते आणि कॉलेजातलं पोर त्या कामाला लागतंच. आपल्या ‘उन्हाळी इंटर्नशिप’ नेमक्या मे महिन्यात, आणि बहुतेक बिनपगारी. ज्याच्या घरी बाप पगारदार, त्यालाच निसर्गाची सेवा परवडते. मग आपण म्हणतो, आदिवासी मुलं पुढं येत नाहीत.

खरं तर ती ज्या कामात आहेत, तेच हवामानाचं काम आहे. मोहाचंच घ्या. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. वारा सुटला की ती आग रानात शिरते. कोवळी रोपं, जमिनीवरची घरटी, मातीतली ओल सगळं जातं. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं स्वच्छ मिळतात आणि आग लावायची गरजच उरत नाही. उपाय माहीत आहे. पण कोणत्या झाडावर कुणाचा हक्क, जाळीला खर्च किती, स्वच्छ फुलाला भाव किती जास्त मिळतो, हे दोन-तीन हंगाम घरोघर बसून नोंदवायला माणूस लागतो. ती नोंद सालेकशाची विद्यार्थिनी करू शकते. दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञाला आधी झाडाचा मालक कोण हेच कळायला वर्ष जाईल.

दुसरं उदाहरण याच जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागातलं. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथं तलाव बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळींनी घातला. 1951मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाची देखभालीची घडी विस्कटली. गाळ भरला, बेशरमाची झुडपं माजली, मासे रोडावले. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं हे तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले तेव्हा त्यांनी आधी ढीवर समाजातल्या पतिराम तुमसऱ्यांसारख्या जाणत्यांना विचारलं: कोणती पाणवनस्पती कुठं उगवते, कोणता मासा कशावर जगतो? मग बेशरम उपटली गेली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला गेला, ढीवर बायकांनी पाण्यातल्या स्थानिक वनस्पती लावल्या, मासे वाढले. विज्ञान आधी नम्र झालं आणि मगच उपयोगी पडलं. फेलोशिपनं शिकवायची पहिली गोष्ट हीच.

म्हणून माझं म्हणणं असं. हवामानासाठीचं विद्यावेतन स्थानिक विद्यार्थ्यांना मिळावं आणि त्याचा हिशेब त्यांनी ग्रामसभेला द्यावा. वनहक्क कायद्यानं 2006मध्ये ग्रामसभेला जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. शेजारच्या देवरी तालुक्यात सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन स्वतः तेंदूपत्ता विकून दाखवला. अशा ग्रामसभांना नकाशा वाचणारे, आराखडा लिहिणारे, लिलावाची कागदपत्रं आणि जमाखर्च सांभाळणारे हात हवे आहेत. पोरं शिकलेली आहेत, काम पडलेलं आहे. मधला पूल तेवढा बांधायचा आहे. विषय ग्रामसभेनं ठरवावा. मुदत तीन वर्षं असावी, कारण एका पावसाळ्यात जंगलाचं काहीच कळत नाही. अर्ज आणि अहवाल मराठीत किंवा गोंडीत असावा. रक्कम घरातल्या बुडालेल्या मजुरीपेक्षा कमी नसावी. नोंदवह्या आणि नकाशे गावाकडंच राहावेत. आणि फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचं वेतन कापलं जाऊ नये.

ग्रामसभेतही वशिला चालतो, असा आक्षेप येईल. चालतो. पण तिथला वशिला चारचौघांत दिसतो आणि पुढच्या बैठकीत त्याला जाब विचारता येतो. बंद दाराआडच्या निवड समितीत तेवढीही सोय नाही. पोरं शेवटी शहराकडंच जातील, असंही म्हटलं जाईल. जाऊ देत. गाव त्यांना बांधून ठेवायला नको, पण गावात राहून पोट भरण्याचा एक सन्मानाचा रस्ता त्यांच्यासमोर असायला हवा. आज तो नाही.

समाजालाही दोन शब्द ऐकावे लागतील. ऐनाच्या झाडात फडापेन हा देव मानणारे आपण कचारगडच्या यात्रेत प्लॅस्टिकचे ग्लास आणि थर्मोकोलच्या पत्रावळी टाकून जातो, तेव्हा आपल्याच कुळाला दिलेला शब्द मोडतो. पळसाच्या आणि मोहाच्या पानांच्या पत्रावळी इथल्या बायकांच्या हातची कला आहे. यात्रेची सगळी पंगत त्यांच्यावर उठवायचं आपण ठरवलं तर बचतगटांना काम मिळेल आणि डोंगरही स्वच्छ राहील. त्याचं नियोजन हाच एखाद्या विद्यार्थिनीचा पहिला प्रकल्प होऊ शकतो. आणि विद्यार्थिनी असं मी जाणीवपूर्वक म्हणतो. जिथं जंगो रायताडला आई मानून पुजतात, तिथल्या निवडीत निम्म्या जागा मुलींच्या नसतील तर ती पूजा दिखाऊ ठरेल.

हवेत कोळशाचा धूर सोडण्यात धनेगावच्या माणसांचा वाटा नगण्य आहे. रोवणी लांबली, मोह कमी पडला की भोगावं मात्र त्यांना लागतं. म्हणून या विद्यावेतनाला कुणी उपकार समजू नये. हे आपलं देणं आहे, आणि देणं वेळेवर, घेणाऱ्याच्या दारात, त्याच्या भाषेत फेडायचं असतं. कॉलेजांनी येत्या सत्रापासून पर्यावरणाच्या प्रकल्पाचे विषय जवळच्या ग्रामसभांकडून मागवावेत. त्याला ना निधी लागतो ना परवानगी. सामाजिक दायित्वाचा निधी असलेल्या कंपन्यांनी, पुण्या-मुंबईच्या मंडळांनी, परदेशातल्या मराठी कुटुंबांनी एका पोराची तीन वर्षं उचलावीत आणि अहवाल स्वतःकडं न मागवता तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जाईल एवढीच अट घालावी.